मॅनिफोल्ड बदलल्यावर आयडलिंग वरखाली
भावा, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा नळ्यांचा भाग) बदलल्यापासून आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होतंय म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नकोस. आधी मॅनिफोल्ड इंजिनाला जोडतो त्या जॉइंटमधून इंजिन जादा हवा ओढतंय का ते बघ. मंगळवार पेठेत दारात आम्ही तिघांनी जुन्या पेट्रोल गाडीचा मॅनिफोल्ड बसवला, तेव्हा हेच झालं. जुनं गॅस्केट, म्हणजे जॉइंटमधलं सील, स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं होतं. ॲल्युमिनियमवर नखाला लागेल एवढा चर पडला आणि तिथूनच हवा शिरत होती. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून फेसिंग करून, म्हणजे तो पृष्ठभाग मशीनवर सपाट करून आणला, नवं गॅस्केट टाकलं, बोल्ट मधून बाहेर असे 3 टप्प्यांत टॉर्क पान्यानं (जोर मोजून आवळायचा पाना) आवळले. इंजिन एकदम शांत! खरवडायला प्लास्टिकची पट्टीच घे. पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या तोंडांत, आधी स्वच्छ फडकी कोंब, एक वॉशर आत पडला तरी इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवायची पाळी येते. आणि फडकी मोजून बाहेर काढ.