मल्टीचा ग्रुप: ध्वजदिनाची यादी

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन. इंदूरच्या सीए आणि कर सल्लागारांची संघटना त्या दिवशी सभासदांच्या घरातल्या फौजी मंडळींचा सन्मान करतेय. आपल्या मल्टीत (बिल्डिंगमध्ये) सभासदांची बरीच घरं आहेत, म्हणून इथल्या यादीचं काम ए-५०१ च्या ताईंकडे आलंय. नावं ग्रुपवरच टाका.

बी-३०४ वहिनी: फार छान! ह्यांचे आजोबा फौजेत होते. पण कुठल्या पलटणीत, किती वर्षं, हे आता घरात कोणालाच धड सांगता येत नाही. डब्यात तीन मेडल्स आहेत तेवढीच. चालेल का?

ए-५०१ ताई: चालेल काय, हवंच आहे. मेडल्सचे फोटो टाका वहिनी. दोन्ही बाजूंचे, आणि कडेचाही.

ए-२०४ दादा: एक सूचना. यादी लांबली तर लोक उठून जातील. जे प्रत्यक्ष लढले किंवा ज्यांना शौर्यपदक मिळालं त्यांनाच स्टेजवर बोलवावं. बाकीच्यांची नावं बॅनरवर.

बी-२०२ सुभेदार काका: दादा, राग मानू नका, हे मला पटत नाही. मी १ मराठा लाइट इन्फंट्रीचा, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्र ओलांडून आम्ही पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसलो होतो. १० तारखेच्या रात्री पाकिस्तानी सैन्य वेढा फोडायला आलं. ११ ला जमालपूर पडलं, १६ ला ढाका. पलटणीचं नाव झालं ते बरोबरच आहे. पण त्या रात्री गोळ्या पुरल्या, कारण कोणीतरी त्या नदीपलीकडून आणून पोचवल्या होत्या. वायरलेस चालू राहिला तो सिग्नलवाल्यामुळे. लंगरचा कुक, क्लार्क, नर्सिंग असिस्टंट, ट्रकचा ड्रायव्हर, ह्यांना कुठलं शौर्यपदक मिळणार? मला स्टेजवर बोलवायचं असेल तर त्यांच्या घरच्यांनाही बोलवा.

ए-२०४ दादा: काका, मान्य. मग वेळेचं काय करायचं ते बघू.

ए-५०१ ताई: भाषणं कमी करू. एका पाहुण्याचं भाषण गेलं की वीस कुटुंबांना नीट नावानिशी बोलावता येतं. संघटनेत मी हेच सांगितलंय.

बी-३०४ वहिनी: 📷 📷 📷 हे घ्या. एक ताऱ्यासारखं आहे.

बी-२०२ सुभेदार काका: वहिनी, तो तारा म्हणजे 'पूर्वी स्टार' नावाचं पदक. १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना तो मिळाला. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. दुसरं संग्राम मेडल, आणि तिसरं १९७२ चं, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं. आता भिंग घ्या आणि कडेवर काय कोरलंय ते वाचा. नंबर, रँक, नाव असतं.

बी-३०४ वहिनी: आहे! नंबर आहे, पुढे नायब सुभेदार, मग नाव, शेवटी महार!!

बी-२०२ सुभेदार काका: महार रेजिमेंट. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, आता केंद्र सागरला, आपल्याच मध्य प्रदेशात. हा नंबर देऊन तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मसुदा मी करून देतो.

बी-३०४ वहिनी: सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, दर १४ एप्रिलला वडील आम्हा भावंडांना महूला न्यायचे. बाबासाहेबांचा जन्म त्या छावणीतला, १८९१ चा, आणि त्यांचे वडील रामजी सकपाळही सुभेदार होते, हे अभिमानाने सांगायचे. एवढं बोलून स्वतः डायरी घेऊन लिहायला बसलेत. ताई, तुमच्या कार्यक्रमामुळे घरात हा विषय पहिल्यांदा निघाला.

सी-४०१ भैया: माझी बहीण सध्या सेवेत आहे. तिचा युनिफॉर्ममधला फोटो, युनिट आणि पोस्टिंग टाकतो.

बी-२०२ सुभेदार काका: टाकू नका!! सेवेत असलेल्यांचं युनिट आणि ठिकाण ग्रुपवर नको, बॅनरवर तर अजिबात नको. फक्त नाव, तेही तिला विचारूनच.

ए-५०१ ताई: काकांचं ऐका भैया. सेवेत असलेल्यांची यादी मी वेगळी ठेवतेय, ती छापणार नाही. आई-वडिलांना मात्र जरूर आणा.

सी-१०३ आजी: मला शाल नारळ नको. हॉल पहिल्या मजल्यावर आहे म्हणे, माझे गुडघे चालत नाहीत. ह्यांचं नाव घ्या, पुरे.

ए-५०१ ताई: आजी, कार्यक्रम खालच्या पटांगणात घ्यायला सांगते. पण फक्त आजोबांचं नाव घेऊन भागणार नाही. ते सीमेवर असताना तुम्ही सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये एकटीने तीन मुलं सांभाळलीत. दर बदलीला नवीन शाळेचा दाखला, रजा रद्द झाली की सणाला रिकामं घर, हे सगळं तुम्ही काढलंत. कार्यक्रम कुटुंबांचा आहे. तुमचं नाव आधी पुकारलं जाईल.

ए-५०१ ताई: आता सगळ्यांना जरा मोठा मेसेज लिहितेय, कृपया पूर्ण वाचा. ह्या कार्यक्रमासाठी मी का अडून बसलेय ते सांगते. माझ्या आत्याचे यजमान बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, हवालदार होते. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे २००१-०२ ला फौज पाकिस्तान सीमेवर उभी होती तेव्हा, तिथे पेरलेले सुरुंग काढताना गेले. त्यानंतर आत्याचे सत्कार पुष्कळ झाले. कपाटाचा एक खण शालींनी भरलाय. पण तिच्या फॅमिली पेन्शनवर वर्षानुवर्षं टॅक्स भरला जात होता, आणि तो भरायला नको होता. त्या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१९) सांगतं की ऑपरेशनल ड्यूटीवर मृत्यू आला तर विधवा, मुलं किंवा नेमलेले वारस यांना मिळणारी फॅमिली पेन्शन पूर्ण करमुक्त. कुठल्या परिस्थितीतले मृत्यू धरायचे हे नियमात लिहिलंय: शत्रूची कारवाई, अतिरेक्यांशी चकमक, सीमेवरच्या चकमकी, परदेशातली शांतिसेना, आणि सुरुंग पेरणं किंवा काढणंसुद्धा. तिची रिटर्न भरणाऱ्यांनी पेन्शन बघितली, मृत्यूचं कारण विचारलंच नाही. शाल पांघरणाऱ्यांपैकी एकानेही तिची फाइल उघडून पाहिली नव्हती. मला ते अजून लागतं. आम्ही आकड्यांची माणसं. आमच्या हातून सन्मान व्हायचा तर तो कागदांतूनही झाला पाहिजे.

म्हणून ७ तारखेला पटांगणातच टेबलं लावतोय. सन्मान झाला की फायली बघू, एक पैसा न घेता. येताना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, बँक पासबुक, मागच्या वर्षांच्या रिटर्न आणा. मृत्यू ड्यूटीवरचा असेल तर कारण लिहिलेलं फौजेचं पत्र हवंच. परमवीर, महावीर आणि वीर चक्र, शिवाय सरकारने अधिसूचित केलेली इतर शौर्यपदकं मिळालेल्यांची पेन्शन आणि नंतर त्यांच्या कुटुंबाची फॅमिली पेन्शनही करमुक्त असते, १९६१ च्याच कायद्याचं कलम १०(१८). जास्तीचा भरलेला टॅक्स उशिरा मागायचा असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. तेव्हा थांबू नका.

सी-१०३ आजी: माझ्या ह्यांना तर रिटायर झाल्यावर आजाराने नेलं. मला पण माफ आहे का ग?

ए-५०१ ताई: नाही आजी, तुमची पेन्शन करपात्र आहे. एक तृतीयांश वजावट मिळते, पण जुन्या पद्धतीत जास्तीत जास्त १५,००० आणि नव्या पद्धतीत २५,००० रुपये. आणि फॅमिली पेन्शनमधून बँक टीडीएस, म्हणजे आधीच टॅक्स, कापत नाही. त्यामुळे पुष्कळ जणींना वाटतं की आपलं काही देणंच नाही, आणि मग नोटीस आली की घाबरतात. तुमचं एकूण उत्पन्न बघितल्याशिवाय कर लागेल की नाही हे मी सांगणार नाही.

सी-१०३ आजी: बरं. निदान खरं सांगितलंस.

ए-२०४ दादा: ताई, मी सीए नाही, पण टेबलांवर फोटोकॉपी, टोकन, पाणी हे बघतो. आजींना आणायला गाडीही माझी.

बी-२०२ सुभेदार काका: स्पर्शवरचा (फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवरचा) वार्षिक ओळखीचा दाखला कोणाचा राहिला असेल तर माझ्याकडे पाठवा. तो राहिला की पेन्शनच थांबते. मी लॅपटॉप घेऊन बसेन.

सेक्रेटरी: पटांगणासाठी बोलतो आज. मंडप आपल्या मल्टीच्या फंडातून द्यायला कोणाची हरकत?

बी-३०४ वहिनी: अजिबात नाही. सकाळचे पोहे आमच्याकडून.

ए-५०१ ताई: नावं पाठवताना रँक आणि स्पेलिंग डिस्चार्ज बुकातून बघून पाठवा, आठवणीने नको. पुकारताना एकाचंही नाव चुकायला नको. रविवारी साडेदहाला मी खाली ऑफिसात बसते, ज्यांना जिना जमत नाही त्यांच्या घरी येऊन लिहून घेईन. आजी, पहिलं घर तुमचं.