मदत हवी आहे : सरावासाठी .२२ रिव्हॉल्व्हर घ्यावे का?

नमस्कार. मी अमेरिकेत ओहायोत राहतो आणि केवळ कागदी लक्ष्यावरील सरावासाठी ‘.२२ लाँग रायफल’ नावाच्या छोट्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर घेण्याच्या विचारात आहे. काडतुसे स्वस्त, धक्का नगण्य, रिकाम्या पुंगळ्या जमिनीवरून वेचाव्या लागत नाहीत, हे मला मनापासून आवडते. मात्र भाड्याने घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये साठ-सत्तर फैरींनंतर काजळीमुळे पुंगळ्या सिलिंडरमध्ये (काडतुसांची घरे असलेल्या फिरत्या नळकांड्यात) इतक्या घट्ट बसल्या, की त्या बाहेर ढकलणारी दांडी अंगठ्याने दाबूनही निघेनात. शिवाय या काडतुसाचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत असल्याने घोड्याचा (हॅमरचा) आघात जोरदार असावा लागतो आणि डबल अ‍ॅक्शनचा (एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) ट्रिगर फार जड जातो. स्प्रिंग हलकी केल्यास काडतूस न उडण्याची भीती असते. अनुभवी नेमबाजांनी पुंगळ्या अडकण्यावर काय उपाय केला आणि सहाऐवजी दहा घरांचे सिलिंडर सोयीचे ठरले का, हे कृपया सांगावे.