आंग्र्यांच्या काळातला ‘एलियन’

विचारणा : जर-तरच्या इतिहासावर चित्रकथा लिहितो आहे. साल १७२१. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आलेत, आणि त्याच वेळी अलिबागच्या समुद्रात आभाळातून तिसराच शत्रू उतरतो. मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या तांडेलाच्या (खलाशांच्या म्होरक्याच्या) तोंडी ‘परग्रहवासी’ घातलं, पण फार कृत्रिम वाटतं. शिवाय अनेकवचनात अडतो : परग्रहवासींना, परग्रहवासीयांना, की परग्रहवाशांना?

उत्तर : अनेकवचनाचं सोपं आहे. ‘रहिवाशांना’ चालतं तसं ‘परग्रहवाशांना’ चालवा. संवादाच्या फुग्यात जागाही कमी लागते.

खरी अडचण ‘परग्रह’ या शब्दातच आहे. ‘पर’ म्हणजे दुसरा. मग पहिला ग्रह कोणता? आपली पृथ्वी. पण १७२१मधल्या माणसाच्या नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू सगळे होते, पृथ्वी नव्हती. ग्रह वर फिरायचे, पत्रिकेत बसायचे, फार तर मागे लागायचे. तिथे कोणी ‘वास’ करतं आणि गलबतासारखं काही घेऊन खाली येतं, ही कल्पनाच त्या शब्दात मावत नाही. पृथ्वी हाही एक ग्रह, हे आपल्या घराघरांत पोचवलं ते एकोणिसाव्या शतकातल्या शाळापुस्तकांनी. म्हणून निवेदनाच्या चौकटीत ‘परग्रहवासी’ खुशाल लिहा, ती आजची भाषा आहे. तांडेलाच्या फुग्यात नको.

त्याच्याकडे शब्द कमी नव्हते. बाहेरून आलेल्या फौजेला ‘परचक्र’ हा नेमका शब्द होता. संकटांची विभागणीही तयार होती : अस्मानी आणि सुलतानी. दुष्काळ-वादळ अस्मानी, राजाची नाहीतर शत्रूची नागवण सुलतानी. तुमच्या कथेतली सुलतानीच अस्मानातून येते आहे! ही गंमत वाया घालवू नका.

नाव ठेवायची तेव्हाची रीतही पाहा. गोऱ्यांना लोक ‘टोपीकर’ म्हणत, म्हणजे जे डोळ्यांना दिसलं त्यावरून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यनीतीवरच्या तेव्हाच्या ग्रंथात, टोपीकर हे साधे सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, एकदा जागा हाती लागली की ते सोडत नाहीत, असा स्पष्ट इशारा आहे. टोपीवरून पडलेल्या नावात इतकं राजकारण मुरलं होतं. तेव्हा तुमचे पाहुणे दिसतात कसे ते आधी ठरवा. तीन पायांचे असतील तर ‘तिपाये’, खवल्यांचे असतील तर ‘खवलेकर’. मला ‘खवलेकर’ आवडलं. वेंगुर्ल्याकडचं आडनाव वाटेल, पण वाटू दे.

मालवणातून : आमच्याकडे देवचार आसा, गिरो आसा. ते नाय चलाचे?

उत्तर : गिरा, म्हणजे पाण्यातलं भूत, चालेल, पण एका चौकटीपुरताच. रात्री समुद्रावर उजेड दिसला, खलाशी घाबरला, ‘गिरा!’ म्हणाला, इथवर ठीक. पुढे तोफा डागायच्या तर शत्रू भूत असून भागत नाही. देवचार मात्र नकोच.

मालवणातून : बरोबर. देवचार गावचो राखणदार, तेका परको म्हणाचो कसो?

उत्तर : अगदी. तशी चित्रकथांना दैवतांची नावं उचलायची जुनी खोड आहे. मराठी इंद्रजाल कॉमिक्सने फँटम या परदेशी चित्रकथा-नायकाला ‘वेताळ’ केलं. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळ देवालाच, चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहणाऱ्या माणसाला ते वाचताना काय वाटलं असेल कोण जाणे.

विचारणा : आणि त्यांचं यान? ‘अंतराळयान’ तर नकोच ना?

उत्तर : ‘विमान’ त्या काळाला बिनचूक बसतं, तुकोबा विमानातून वैकुंठाला गेले हे घरोघरी ठाऊक होतं. घोटाळा आजच्या वाचकाचा होईल. त्याला पंखे आणि हवाईसुंदरी दिसतील. समुद्रावरच्या माणसाला जहाजांतला फरक एका नजरेत कळतो, त्याचा उपयोग करा. मोठं, जड, तोफांचं ते गुराब. छोटं, चपळ, वल्ह्यांचं ते गलबत. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून नेत. आभाळातल्या मोठ्या यानाभोवती छोटी यानं घिरट्या घालताना दिसली की तांडेल सरळ ओरडेल, “गुराब वर हाय, गलबतं खाली येत्यात!” वेगळा शब्द घडवायची गरजच नाही.

विचारणा : त्यांच्या किरणांच्या हत्याराला ‘बाण’ म्हटलं तर?

उत्तर : ‘बाण’ तेव्हाच्या फौजेत दारूच्या अग्निबाणाला म्हणत, तो आंग्र्यांच्या बाजूला राहू द्या. किरणाला ‘वीज’ म्हणा.