आईला घेऊन लिस्बन, चार दिवस: काय दाखवू, काय सोडू?

रेवदंड्याची वाडी
नमस्कार मंडळी. माझा भाऊ लिस्बनला नोकरीला आहे. वाडीतली कामं उरकून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आईला घेऊन त्याच्याकडे निघालेय. आई ६८ वर्षांची. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण चढ आला की उजवा गुडघा धरून उभी राहते.

तिचा जन्म गेला रेवदंड्याच्या कोटात. परसाला लागून पोर्तुगिजांचा तट, खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. कोर्लईत अजून काही घरांत जुन्या पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. तिथून भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी आईची तीस वर्षांची ओळख, त्यामुळे तिलाही चार शब्द येतात. म्हणते, "त्या लोकांचं गाव मला बघायचंय."

मागे एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही आठ दिवसांत सहा शहरं केली. आईला त्यातली बसची खिडकी तेवढी आठवते. यावेळी तसं व्हायला नको. कोणी राहिलेलं, फिरलेलं असेल तर मनापासून सांगा.

हर्णै बंदर
ताई, मी बोटीवर इंजिनात नोकरी केली, लिस्बनला बऱ्याचदा उतरलो. तुमच्या आईसाठी माझं एकच सांगणं: शहर नदीकडून बघा. सात टेकड्यांचं गाव आहे, वर चढत बसलात तर गुडघाच लक्षात राहील. तेजू नदीचा काठ सपाट आहे, आणि आपल्या माणसाला ओळखीचं वाटेल ते सगळं काठावरच आहे.

पहिला अख्खा दिवस बेलें या काठावरच्या भागाला द्या. १५ नंबरची ट्राम सरळ नेते. तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, तेवढं सांभाळा. काम १५०१ ला सुरू झालं आणि पैसा आला तो मिरी-मसाल्यावरच्या करातून, म्हणजे आपल्याच समुद्रावरून. चर्चमध्ये शिरल्याशिरल्या वास्को द गामाची कबर आहे, हात जोडून निजलेला दगडी पुतळा. हा माणूस १४९८ ला कालिकतला पोचला, १५२४ ला कोचीत वारला, हाडं नंतर तिकडे नेली. मी त्या कबरीपाशी बराच वेळ उभा होतो. आपल्या किनाऱ्याने या लोकांचं काय काय सोसलं ते डोक्यात होतं, आणि समोर इतकं सुंदर काम. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आईला दोन्ही सांगा.

मग मठाच्या अंगणातल्या कमानी जवळून दाखवा. दगडात दोर कोरलेत. नुसती नक्षी नव्हे, पीळ दिलेला जाडजूड दोर, मध्येच आवळलेली गाठ. माझे वडील होडीवर होते, लहानपणी मी त्यांच्याबरोबर दोर वळलेत. त्या दगडावरून बोट फिरवलं तेव्हा पीळ कुठल्या बाजूला जातो ते बोटाला आपोआप कळलं.

बेलेंच्या बुरुजावर एक गेंड्याचं डोकं आहे, वाऱ्यापाण्याने झिजलेलं. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून बोटीने लिस्बनला पोचला होता, त्याची ती आठवण. बुरुजात चढू नका, जिना अरुंद आहे. काठावरूनच दाखवा.

आणखी एक. काइश दु सोद्रे धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्यशला फेरीबोट जाते, दहा मिनिटांची. संध्याकाळी न्या. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. एकीकडे लाल पूल, मागे टेकड्यांवरची घरं. रेवदंड्याच्या माणसाला तर खाडी ओलांडल्यासारखंच वाटेल.

मालवणी चेडू
ताई, आवशीक घेवन जातंस ह्यां वाचून बरां वाटलां. मी तिथे दोन वर्षं शिकत होते.

फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारीक दगडांचे, गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की शेवाळलेल्या पाखाडीसारखे निसरडे. आईला रबरी तळव्याचे बूट घ्या, चपला नकोत.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये दुपारी बसू नका. उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापू असतात. सकाळी लवकर काम्पु दि ओरीक या दुसऱ्या टोकाकडून बसा, आईला खिडकी मिळेल. किल्ल्याच्या बाजूला जायचं असेल तर बायशा म्हणजे शहराच्या खालच्या सपाट भागात एका जुन्या इमारतीतून फुकट लिफ्ट आहे, अर्धा चढ वाचतो. बायशाचे रस्ते इतके सरळ का, तर १७५५ च्या १ नोव्हेंबरला सकाळी भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग कित्येक दिवस आग. नंतर नव्याने बांधताना भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, धक्का सोसायला. कार्मुचं चर्च मात्र बिनछपराचंच ठेवलंय. तिथे आईला बसवा, वर नुसतं आभाळ दिसतं.

१२ जूनच्या रात्री तिथे असाल तर आल्फामा या जुन्या वस्तीच्या खालच्या गल्ल्यांत नक्की जा. सांत अँतोनियूचा सण. दारोदारी निखाऱ्यावर तारल्या भाजतात, पावावर ठेवून देतात. बारीक पानांच्या तुळशीसारखी कुंडी विकतात. तिला नाक लावायचं नाही, तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा.

सुक्या बाकल्यावच्या दुकानातही न्या. खारवलेला कॉड, फळीसारखा कडक, शिजवण्याआधी पाणी बदलत दिवसभर भिजवतात. आमची आई दारातूनच म्हणाली, "हो तर सुक्या म्हावऱ्याचो वास!"

दापोली फाटा
लिस्बनजवळच्या सिंत्रा गावातले राजवाडे आणि लिस्बनचं मत्स्यालय सोडू नका असं माझं मत. मत्स्यालयाच्या मधल्या टाकीत एवढे शार्क आणि पाकट फिरतात की बघत बसावं. तिथे सगळं सपाट आहे, लिफ्ट आहे.

हर्णै बंदर
मत्स्यालय चालेल, आईला आवडेल. सिंत्रा चार दिवसांत नको. चढ आणि रांगा, दिवस जातो.

रेवदंड्याची वाडी
काका, चेडू, दापोलीकर, तिघांचेही आभार. तिकीट ९ तारखेचं आहे, म्हणजे १२ ची रात्र मिळतेय. बेलें, बायशा, मत्स्यालय, आणि शेवटच्या संध्याकाळी फेरीबोट असं ठरवलं. सिंत्रा सोडलं.

काल हे सगळं आईला वाचून दाखवलं. दोराचं ऐकून गप्प बसली. मग भावाला फोन लावून विचारलं, तिकडे चावीला काय म्हणतात. तो म्हणाला, "शाव." कोबीला "कोव", मेस्त्रीला "मेश्त्र", बटाट्याला "बटाटा"च. आता रोज सकाळी कोर्लईची बाई आली की भाजी निवडायच्या आधी आई तिच्याकडून दोन शब्द घेते आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते.