मुलीला जेएमई (किशोरवयातला फिटचा आजार) आहे. जनुकीय चाचणी करावी का? धाकट्याचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा का?

मुलगी पंधरा वर्षांची आहे. सकाळी वेणी घालताना तिचा हात खांद्यापासून एकदम उसळायचा आणि कंगवा लांब जाऊन पडायचा. तेवढ्या वेळात शुद्ध अजिबात जायची नाही. मग परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट आली. ईईजी झाला, निदान झालं: जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजेच जेएमई. व्हॅल्प्रोएट हे औषध यावर चांगलं चालतं, पण पुढे गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी लेव्हेटिरासेटाम दिलं. झटके जवळजवळ थांबलेत.

माझ्या नणंदेलाही याच वयात फिट यायच्या, हे घरात आत्ता कळलं. तेव्हापासून "कोणाकडून आलं" एवढंच चाललंय. ह्यांनी तर फारच मनाला लावून घेतलंय.

मी वाचलं त्यावरून हा आजार सहसा एका जनुकामुळे होत नाही. २००२ मध्ये एका मोठ्या कुटुंबात जीएबीआरए१ हे जनुक सापडलं, पण अशी कुटुंबं विरळाच. २००४ मधल्या ईएफएचसी१ या जनुकाचा गाजावाजा झाला. पुढे तसे बदल निरोगी माणसांतही दिसले. २०२३ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एपिलेप्सीशी जोडलेल्या डीएनएमधल्या २६ जागा मिळाल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. म्हणजे दोन्हीकडचं थोडंथोडं येऊन जुळतं, असं मी समजते. मग दोष कोणाला द्यायचा?

डॉक्टर म्हणतात, आत्ता जीन पॅनेलची (अनेक जनुकं एकदम तपासणाऱ्या चाचणीची) गरज नाही. औषधांना दाद मिळाली नाही, अभ्यासात किंवा चालण्यात घसरण दिसली, तर लाफोरासारखे, म्हणजे हळूहळू वाढत जाणारे दुर्मिळ आनुवंशिक फिटचे आजार तपासायला ते करू. मला हे पटतं. नातेवाईकांचा मात्र "एकदा करूनच टाका" असा लकडा आहे.

ज्यांनी पॅनेल केलं, त्यांना विचारायचंय: त्यातून उपचारात काही बदललं का? जनुकात बदल दिसला, पण "अर्थ अनिश्चित" असा रिपोर्ट आला तर समुपदेशकांनी काय सांगितलं?

दुसरं, धाकटा बारा वर्षांचा आहे, त्याला काहीच त्रास नाही. भावंडांच्या ईईजीत फिट न येताही दोष दिसू शकतो आणि नुसत्या त्यावर औषध सहसा देत नाहीत. मग ईईजी काढावा, की झोप सांभाळून सकाळच्या झटक्यांवर लक्ष ठेवावं? त्याने परवा विचारलं, "मलाही होणार का?" बहुतेक भावंडांना होत नाही, असं मी सांगितलं. तुम्ही तुमच्या मुलांना हे कसं समजावलंत?