चर्चा: जाड कादंबऱ्यांना आपण जाडीचेच गुण देतो का?

पानकिडा

यंदा वर्षभर कादंबऱ्याच वाचल्या, बहुतेक मराठी. काही पहिल्यांदा, काही फार वर्षांनी पुन्हा. आता आवडत्यांची यादी करायला बसलो, तर वर आलेली सगळी पुस्तकं अंगानं बारीक निघाली: 'रणांगण', 'बनगरवाडी', 'पाचोळा' आणि नव्यातली 'रिंगाण'. ज्या ठोकळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, ते तळाला. म्हणून जरा भांडायला आलोय. मराठीत जाड कादंबरीला जो मान मिळतो, त्यातला बराचसा नुसत्या जाडीला असतो असं माझं स्पष्ट मत आहे. मलपृष्ठावर 'विशाल पट' असं छापलं की टीकाकार आधीच हात जोडून उभे.

'बनगरवाडी' (1955) घ्या. शेकूकडे एकच बैल, शेत अडलेलं, तर त्याची बायको दुसऱ्या बाजूनं स्वतःच्या खांद्यावर जू घेते. माडगूळकर त्यावर भाष्य करत बसत नाहीत. पुढे वाडी तालीम बांधते, राजा येऊन जातो, मग पाऊस दगा देतो आणि माणसं पांगतात. एक अख्खं गाव उभं राहून मोडतं, आणि पुस्तक एका रविवारात वाचून होतं.

'रणांगण' (1939) तर त्याहून आटोपशीर. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेलं जहाज, मराठी चक्रधर, जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू हेर्टा. जहाजाबाहेर लेखक फारसा पाऊल टाकत नाही, तरी सगळा युरोप त्या डेकवर येऊन बसतो. विश्राम बेडेकरांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली. बाकीच्यांनीही हा संयम दाखवला असता तर!

सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे एकाच विषयावरची दोन पुस्तकं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (1991) आणि कृष्णात खोतांची 'रिंगाण'. दोन्हींत धरणानं उठवलेली माणसं, दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार (1992 आणि 2023). 'रिंगाण'मध्ये एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला परत त्या रानात जातो आणि ती आता रानटी झालेली असते. बस, एवढंच. पण विस्थापन म्हणजे काय ते मला त्या म्हशीच्या नजरेतून जेवढं कळलं, तेवढं 'झाडाझडती'तल्या एवढ्या मोर्चांमधून आणि अर्जांमधून नाही कळलं.

बोला आता.

मोरपीस

पानकिडा, म्हैस सुंदर आहे, मान्यच. पण तुमच्या यादीत हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' नाही, आणि ते वाचून झालेलं असतानाही नसेल, तर तुमच्या मताचं काही खरं नाही.

यमू स्वतः बोलते. लहानपणापासून. भावाशी भांडण, आई, माहेर, लग्न, सासर, नवऱ्याकडून चोरून वाचायला शिकणं. यातलं बरंचसं तुम्ही 'पाल्हाळ' म्हणून काढून टाकाल. काढा. आणि मग नवरा गेल्यावर शंकरमामंजी तिचं केशवपन करवतात ते प्रकरण वाचा. सुट्टं वाचलंत तर ती एका अन्यायाची गोष्ट आहे, अशा हजार आहेत. पण तोवर आपण त्या मुलीबरोबर एवढे दिवस राहिलेले असतो की तो हात आपल्याच डोक्याला लागल्यासारखा वाटतो. हरिभाऊंनी तो धक्का त्या एका प्रकरणात तयार केलेला नाही, आधीच्या शेकडो पानांत केलाय. बारीक कादंबरी हे करू शकत नाही. ती दुसरं काहीतरी करते, चांगलं करते. हे नाही.

पानकिडा

मोरपीस, वाचलंय हो. पण ते लांब का आहे ते तर बघा. 'करमणूक' हे हरिभाऊंचं साप्ताहिक, 1890 साली निघालं, त्यात ही गोष्ट हप्त्यांनी येत होती, पुस्तक झालं 1893 मध्ये. दर आठवड्याला पान भरायचंय म्हटल्यावर सासूबाईंच्या टोमण्यांचे तीनदा तीन प्रकार येणारच. यमूचं मोठेपण त्या लांबीमुळे आहे की त्या लांबीला पुरून उरलंय, हा प्रश्न आहे. माझ्या मते पुरून उरलंय.

मोरपीस

म्हणजे आठवड्याच्या सक्तीतून चांगली गोष्ट निघूच शकत नाही? हप्त्यांमुळेच ते रोजच्या जगण्याच्या चालीनं चालतं. टोमणा एकदा मारला तर तो प्रसंग होतो. रोज मारला तर सासर होतं.

खातेफोड

वरच्या शेवटच्या दोन वाक्यांना अनुमोदन, हेच 'झाडाझडती'ला लावा. माझी नोकरी सरकारी कचेरीत गेली, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो. पुनर्वसनाची फाईल म्हणजे काय चीज असते? आज तलाठी रजेवर, उद्या साहेब दौऱ्यावर, परवा नकाशा दुसऱ्या टेबलाला, तेरवा साहेबांचीच बदली आणि नवीन साहेब पहिल्यापासून. खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस त्यात कसा झिजत जातो हे त्या खेट्यांमधूनच दिसतं. पानकिडा यांना अर्ज कंटाळवाणे वाटले. ज्यांनी लिहिले त्यांनाही वाटले असतील, पण त्यांना पुस्तक मिटून ठेवायची सोय नव्हती.

'रिंगाण' मलाही आवडली. पण ती रानात जाते, कचेरीत नाही. कारकून कुठे आहे तिच्यात? ज्या यंत्रणेनं ते गाव उठवलं ती बाहेरच राहते. म्हशीकडे बघून डोळे पाणावतात, जबाबदार कोण ते कळत नाही.

पानकिडा

खातेफोड, हे उत्तर आवडलं, पटलं नाही. यंत्रणेचा कंटाळा दाखवायला दहा खेट्या लागत असतील, लागू देत. पण दहाव्या खेटीत पहिल्या नऊमध्ये न दिसलेलं काहीतरी दिसायला हवं ना? मला 'झाडाझडती'त मधले काही भाग एकमेकांच्या जागी ठेवले तरी चालतील असे वाटले. 'बनगरवाडी'तलं एक प्रकरण हलवून दाखवा.

शेवंती

तुमची जाड-बारीक मारामारी चालू द्या. मला आधी सांगा, यादीत चार कादंबऱ्या आणि चारही पुरुषांनी लिहिलेल्या, हे कसं काय? 'पाचोळा'त शिंप्याची बायको बोलते खरी, मराठवाडी बोलीत, आणि फार सुरेख बोलते, पण तिला बोलायला लावणारे रा. रं. बोराडेच.

आणि गंमत बघा, पानकिडा यांना स्वतःच्या बाजूचे सगळ्यात भक्कम साक्षीदार सापडलेच नाहीत. कमल देसाईंची 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई', दोन्ही मिळून एक पुस्तक, 1975. गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया', त्यात तीन. त्यातली 'कारावासातून पत्रे' वाचा. मोकळी, शिकलेली, स्वतःच्या मर्जीनं जगणारी बाई, आणि तरी शीर्षकात कारावास. कुणी कोंडलंय ते लेखिका बोट दाखवून सांगत नाही. याला कादंबरी म्हणायचं की दीर्घकथा म्हणायचं यावर लोकांनी इतकी वर्षं घातली की वाचायचं राहूनच गेलं. बाईनं सव्वाशे पानं लिहिली की ती 'दीर्घकथा', पुरुषानं लिहिली की 'आटोपशीर कादंबरी'!

बारावाटा

शेवंतीताई, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

कुणीच 'कोसला' काढली नाही याचं नवल वाटतंय. एकाच लेखकावर, भालचंद्र नेमाड्यांवर, हा वाद तपासता येतो: 'कोसला' 1963 ची, 'हिंदू' 2010 ची. 'कोसला'त पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तो भाग किती लहान आहे ते पुन्हा बघा. पांडुरंग रडत नाही, भलतंसलतं बोलत सुटतो, आणि वाचणाऱ्याची दातखीळ बसते. पाच-पन्नास पानांचा शोक इथे चाललाच नसता. उलट 'हिंदू'मध्ये खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मरणाला टेकलेल्या वडिलांकडे घरी निघतो आणि वाटेत सगळं गाव, सगळ्या जाती, शेती, बायका, भटके, लभाण, सगळं डोक्यात गर्दी करतं. पुस्तकाच्या पूर्ण नावातच, 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ', अडगळ आहे. अडगळ आवरून दाखवली तर ती अडगळ कसली?

त्यामुळे माझी मांडणी वेगळी. ज्या कादंबरीत एक माणूस आहे तिला पानं मोजून द्यावीत. जिच्यात समाज आहे तिला सैल सोडावं.

पानकिडा

बारावाटा, मांडणी चटपटीत आहे, पण 'बनगरवाडी'त समाजच आहे की. एक माणूस म्हणावा तर तो मास्तर, आणि तो बिचारा बहुतेक वेळ बघत असतो. तुमचा नियम पहिल्याच दारात अडखळला. आणि 'हिंदू'च्या अडगळीबद्दल: माळ्यावर चढलेल्या माणसाला निदान शिडी तरी द्या.

शेवंतीताई, 'हॅट घालणारी बाई' माझ्याकडे आहे, पुढच्या वर्षी पहिली तीच.

उंटावरचा

'ययाति', 'मृत्युंजय' नाहीत का यादीत? आमच्या वेळी त्याशिवाय यादी होत नसे.

पानकिडा

नाहीत. 'ययाति'तली तीन निवेदकांची युक्ती छान, पण ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही खांडेकरांच्याच आवाजात बोलतात.

खातेफोड

तिघंही सुभाषितांत बोलतात म्हणा.

मोरपीस

मी मूळ मुद्द्यावर येते. 'तुंबाडचे खोत'चं नाव कुणी काढलं नाही अजून. 1987, दोन खंड, जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या चार पिढ्या. पानकिडा, तळाच्या ठोकळ्यांत ती आहे का?

पानकिडा

आहे. पहिला खंड संपवला, दुसरा उघडला नाही. पेंडशांचा कोकण मला 'गारंबीचा बापू'मध्ये पुरेसा मिळाला होता.

मोरपीस

मग कठीण आहे. बापू एकटाच गारंबीला पुरून उरतो, म्हणून ती तेवढ्यात संपते. खोतांचं तसं नाही. आजोबाचा माज नातवाला कुठल्या भावानं फेडावा लागतो हा हिशेब तिथे आहे, आणि तो पहिल्या खंडात पुरा कसा होईल? अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या माणसानं रस्ता उगाच लांब आहे म्हणायचं, यात काय अर्थ आहे? दुसरा खंड वाचा, मग इथेच भांडू. पाल्हाळ कुठे कुठे आहे ते पान नंबर देऊन सांगा, मी प्रत्येक पानावर उत्तर द्यायला तयार आहे.

शेवंती

पान नंबर देताना आवृत्ती तेवढी सांगा हो, नाहीतर पुढचा महिनाभर त्यावरच जाईल.