प्रयोगशाळेत थोडक्यात बचावलात? तो प्रसंग इथे लिहा

मी बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते, २२ वर्षं झाली. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला सुरक्षिततेचे नियम सांगते, मुलं ते जर्नलच्या पहिल्या पानावर उतरवून घेतात, मी सही करते. महिनाभरात कुणाचा तरी एप्रन स्टुलावर पडलेला दिसतो.

गेल्या सत्रात एका मुलाच्या शर्टाच्या बाहीला मनगटापाशी बारीक भोकं दिसली. कडा करपल्यासारख्या तपकिरी. बाही वर करायला लावली तर खाली कातडी लालभडक. सल्फ्युरिक ॲसिड उडून अर्धा तास होऊन गेला होता आणि नळ त्याच्यापासून चार पावलांवर होता. धुतलं का नाहीस, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही ओरडाल, मार्क कापाल असं वाटलं." त्या रात्री मला झोप लागली नाही. ॲसिडपेक्षा त्याला माझी भीती जास्त वाटली होती.

तेव्हापासून माझं पहिलं वाक्य बदललंय: सांडलं, फुटलं, भाजलं तर आधी पाणी, मग मला हाक. मार्क कापले जाणार नाहीत.

मुलांना नियम पाठ असतात, पण त्यामागे काय घडलं होतं ते कुणी सांगत नाही. म्हणून ही विनंती. कॉलेजचं, सरांचं नाव नको. हात कुठे होता, बाटली कुठे होती, नेमकं काय झालं तेवढं लिहा. नवीन बॅचला मी हे वाचून दाखवणार आहे.

एम.एस्सी. ऑरगॅनिक, आता औषध कंपनीत

मॅडम, माझा प्रसंग सोडियमचा. टी.वाय.ला लासेनची टेस्ट होती, कंपाउंडमध्ये नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन आहेत का ते ओळखायची. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते: अनोळखी कंपाउंड सोडियमबरोबर छोट्या फ्युजन ट्यूबमध्ये तापवायचं, ट्यूब लालबुंद झाली की चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडायची आणि त्याच क्षणी वर तारेची जाळी ठेवायची. सोडियम अर्ध्या वाटाण्याएवढं पुरतं. मी घाईत चांगला हरभऱ्याएवढा तुकडा घेतला, फिल्टर पेपरवर नीट टिपलाही नाही, रॉकेलसकट ट्यूबमध्ये टाकला. शेवटची पंधरा मिनिटं उरली होती म्हणून तापवलंही अर्धवट. ट्यूब पाण्यात तडकली आणि आतलं उरलेलं सोडियम पाण्याला लागलं. फट्‌दिशी आवाज, पिवळी ज्योत, जाळी उडून बाजूला. मी गॉगल घातला होता तो शेजारच्या मैत्रिणीने जबरदस्तीने दिला म्हणून. नंतर तो उजेडात धरून पाहिला तर उजव्या काचेवर तीन ओरखडे होते, ऐन बुबुळासमोर. तो गॉगल मी अजून ठेवलाय.

त्याच दिवशी आमच्या टेबलवरच्या कुणीतरी सोडियमचे कण चिकटलेला फिल्टर पेपर कचऱ्याच्या डब्यात टाकला. डब्यात ओले कागद होते. पाच मिनिटांत धूर. उरलेलं सोडियम ना डब्यात, ना बेसिनमध्ये. ते अल्कोहोलमध्ये टाकून, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभं राहायचं.

मायक्रोबायोलॉजी, पीएच.डी.

लॅमिनारचा यूव्ही, म्हणजे जंतुविरहित काम करायच्या पेटीतला जंतू मारणारा अतिनील दिवा. काम सुरू करण्याआधी लावायचा आणि हात आत घालण्याआधी बंद करायचा, इतकं साधं. त्या दिवशी पांढरी ट्यूबही चालू होती, त्यामुळे निळसर उजेड जाणवलाच नाही. साधारण ४० मिनिटं मी प्लेट्स ओतत बसले. तेव्हा काहीच झालं नाही, आणि घात होतो तो यातच. रात्री दीडला जाग आली ती डोळ्यांत वाळू भरल्यासारखी. दिवा लावला तर बघवेना, सारखं पाणी. डॉक्टर म्हणाले, काळी काच न लावता वेल्डिंग करणाऱ्यांना होतं तेच हे. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले, मग मनगटांची सालं निघाली. आता यूव्हीच्या बटणाला आम्ही लाल टेप लावलीय.

एफ.वाय. बी.एस्सी.

रबरी बुचात काचेची नळी घालताना कोरडीच दाबली. मोडली आणि तळहातात घुसली, तीन टाके. नळीला ग्लिसरीन लावायचं, हाताला फडकं गुंडाळायचं आणि बुचाच्या अगदी जवळ धरून फिरवत घालायची, हे मला टाके पडल्यावर कळलं.

तालुक्याच्या कॉलेजातले प्राध्यापक

मुलांचेच दोष निघतात म्हणून लिहितो. आमच्याकडे फ्यूम कबर्ड (विषारी वायू बाहेर ओढणारं कपाट) आहे, पण त्याचा पंखा बंद होता. ॲनालिसिसला किपच्या उपकरणातून (लॅबमध्ये गॅस तयार करायचं काचेचं उपकरण) हायड्रोजन सल्फाइड घ्यायचो. सडक्या अंड्यांचा वास आधी नकोसा होतो, मग "गेला" असं वाटतं. तो गेलेला नसतो. गॅस वाढला की नाकच काम करेनासं होतं. एक मुलगी "सर, आता वास नाही येत" म्हणाली आणि दोन मिनिटांत खाली बसली. उचलून व्हरांड्यात आणली, मोकळ्या हवेत सावरली. त्यानंतर पंखा दुरुस्त होईपर्यंत तो प्रयोग मी घेतला नाही. वरून विचारणा झाली, लेखी उत्तर दिलं.

पुण्याची, सध्या अमेरिकेत पीएच.डी.

इथे पहिल्याच आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये शेरी संगजीची हकीकत सांगतात. ती यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) रिसर्च असिस्टंट होती. अपघात २९ डिसेंबर २००८ चा. वय २३. टर्ट-ब्युटिललिथियम हवा लागताच पेटतं, आणि ती ते सिरिंजने काढत होती. दट्ट्या सिरिंजमधून बाहेर आला. अंगात एप्रन नव्हता, स्वेटर होता, तो पेटला. सेफ्टी शॉवर जवळच होता, पण तिला त्याखाली नेलं गेलं नाही. १६ जानेवारी २००९ ला ती गेली. पुढे तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी आरोप ठेवले गेले.

मी पुण्यात एम.एस्सी. करताना आमचा शॉवर खोक्यांमागे होता. दोन वर्षांत त्याची साखळी कुणी ओढल्याचं मला आठवत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने उद्या आपल्या लॅबमधला शॉवर शोधावा. पाणी येतं का, ते ओढून बघावं.

लॅब असिस्टंट, ३० वर्षं नोकरी

मला मुलं मामा म्हणतात. सांगायची गोष्ट एकच, वेस्टच्या बाटलीची. कुणीतरी नायट्रिक ॲसिडचं वेस्ट अल्कोहोलच्या वेस्टमध्ये ओतलं आणि बूच घट्ट लावलं. मिश्रण लगेच काही करत नाही. संध्याकाळी कुलूप लावून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर काचा पार समोरच्या भिंतीपर्यंत. दिवसा फुटली असती तर तिथे २० मुलं उभी असतात. पोरांनो, बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय तीत काही ओतू नका, आणि नाव नसेल तर मला विचारा. मी रागावत नाही.

एम.एस्सी. भाग १

पुढच्या आठवड्यात मला काच एच करायला (ॲसिडने कोरायला) हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरायचंय. सिनियर म्हणाला, पातळच आहे, काही होत नाही. हे ॲसिड लागलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लॅबमध्ये नाही. मागायला संकोच वाटतोय, कारण मी नवीन आहे.

धागाकर्ती

बाळा, पातळ आहे म्हणूनच जास्त सांभाळायचं. लागल्याचं तासन्‌तास कळत नाही, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. जेल टेबलवर आल्याशिवाय बाटली उघडू नकोस, आणि एकटी असताना तर नाहीच. गाइडना आज दोन ओळींचा मेल कर: जेल हवंय, आल्यावर काम सुरू करते. पाठवलास की इथे लिही, मी वाट बघतेय.